विकृतिशास्त्राचे आचार्य कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

रोग्याच्या उशाशी बसणारा वैद्य सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचे नाव घराघरांत आदराने घेतले जाते आणि त्याच्या हातगुणाच्या गोष्टी पुढच्या पिढीला सांगितल्या जातात. परंतु त्या वैद्याला रोगाचे खरे स्वरूप कळावे म्हणून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून जो दुसरा वैद्य बसलेला असतो, त्याची ओळख रोग्याला बहुधा होतच नाही. रोग्याच्या शरीरातून काढलेला मांसाचा एखादा कण तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. रोगी बरा झाला तर आभार शस्त्रवैद्याला मिळतात, आणि ते योग्यही आहे. असे अदृश्य राहून ज्यांनी मुंबईच्या परळ भागात बसून उभ्या हिंदुस्थानच्या एका भयंकर व्याधीचा माग काढला, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या जीवनकार्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. त्यांच्या यशाने आपली मान उंचवावी आणि तरुणांपुढे उदाहरण राहावे, अशी त्यामागे भावना असते. डॉ. खानोलकरांचे चरित्र येथे देण्यास मात्र आणखी एक विशेष कारण आहे. रोग्याची जात, धर्म, प्रांत आणि आचार यांची बारकाईने नोंद ठेवणारा हा संशोधक होता. या नोंदींतून त्यांच्या हाती जे आले, ते ज्ञातीच्या नावाने एकत्र जमणाऱ्या प्रत्येक मंडळाने विचारात घ्यावे असे आहे.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्यांचे आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाचे स्मरण करून देते. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी विकृतिशास्त्र या विषयात संपादन केली. त्या काळी परदेशातून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या तरुणापुढे मुंबईत खासगी व्यवसायाचा राजमार्ग खुला असे. गिरगावात किंवा फोर्टात दवाखाना थाटावा, दाराशी गाडी उभी राहावी आणि दहा-पाच वर्षांत द्रव्य व लौकिक दोन्ही मिळवावेत, ही त्या काळच्या यशाची सर्वमान्य कल्पना होती. विकृतिशास्त्राच्या अभ्यासकाला ते सुख दुर्लभ होते. शवविच्छेदनाचे टेबल, फॉर्मॅलिनचा उग्र वास, काचपट्ट्यांच्या पेट्या आणि विद्यार्थी एवढाच त्याचा संसार असे. डॉ. खानोलकरांनी जाणूनबुजून हा संसार पत्करला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अध्यापनास वाहून घेतले. मुंबईच्या दोन नामांकित वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचे सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे, त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. यांपैकी पहिले महाविद्यालय १८४५ सालचे, सरकारी आणि प्रतिष्ठित. दुसरे १९२६ साली के.ई.एम. रुग्णालयासह सुरू झालेले. या दुसऱ्या संस्थेच्या जन्मामागे एक स्वाभिमानाची कथा आहे. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची रीत त्या काळी रूढ होती. म्हणून येथील अध्यापक हिंदीच असावेत, या अटीवर सेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी या महाविद्यालयासाठी देणगी दिली. हिंदी माणूस शिकवू शकतो, शस्त्रक्रिया करू शकतो, इतकेच दाखवून ही अट पुरी होणार नव्हती. त्याला स्वतंत्र संशोधन करता येते, हेही सिद्ध व्हावयाचे होते. पुढे ज्यांनी ते सिद्ध केले, त्यांच्या मालिकेत डॉ. खानोलकरांचे स्थान अग्रभागी आहे.

त्या काळचे परळ वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सभोवार कापडाच्या गिरण्यांची धुराडी, पहाटेचे भोंगे, लालबाग-काळाचौकीच्या चाळी आणि पाळी सुटताच रस्ताभर पसरणारा कामगारांचा लोंढा. कोकणातून, घाटावरून, उत्तर हिंदुस्थानातून आणि तेलंगणातून पोटासाठी आलेली माणसे येथे दाटीवाटीने राहत. या वस्तीच्या मधोमध वैद्यकविद्येची एक पेठच उभी राहत होती. गव्हर्नरच्या जुन्या प्रासादात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्धीस आली. के.ई.एम.च्या पाठोपाठ बायकांसाठी व मुलांसाठी वाडियांची दोन रुग्णालये झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी या पेठेत टाटा मेमोरियल रुग्णालयाची भर पडली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून केवळ कर्करोगासाठी उभारलेले हे रुग्णालय होते. या संस्थेच्या प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालकपद डॉ. खानोलकरांकडे आले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंडास प्रारंभ झाला.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो विरळा, असा समज तोपर्यंत पुष्कळ विद्वानांतही प्रचलित होता. डॉ. विश्वनाथ व डॉ. ग्रेवाल यांनी १९३५ ते १९३९ या काळात देशातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजाला धक्का दिला होता. परळच्या नव्या रुग्णालयाच्या दाराशी रोज लागणारी रांग पाहिल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. मात्र या रांगेत एक गोष्ट विलक्षण होती. विलायतेत जठराचा व आतड्यांचा कर्करोग पुष्कळ आढळे. येथे मात्र अन्नमार्गाच्या अगदी उंबरठ्यावर, म्हणजे ओठ, गाल, जीभ, हिरड्या, टाळू, घसा आणि अन्ननलिका या ठिकाणी, रोगाने ठाण मांडलेले दिसे. घास गिळण्याचा प्रारंभ जेथे होतो तेथेच मृत्यूने दबा धरावा, याचे कारण काय?

या प्रश्नाची उकल डॉ. खानोलकरांनी कोणत्या रीतीने केली, ते समजण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञाचे काम थोडे जाणून घेतले पाहिजे. गाठीचा लहानसा तुकडा औषधात टिकवून मेणात बसवितात. मग धारदार यंत्राने त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी शरीरात पेशी शिस्तीने एकमेकींस बिलगून असतात. कर्करोगात ही शिस्त मोडलेली दिसते. वेड्यावाकड्या पेशी आपली हद्द ओलांडून खालच्या थरांत घुसतात. येथपर्यंतचे काम कोणताही निष्णात विकृतिशास्त्रज्ञ करील. डॉ. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे, की काचपट्टीवर निदान लिहून ते थांबत नसत. ही काचपट्टी कोणाची, तो माणूस कोठला, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, विडा तोंडात कोणत्या बाजूस धरतो, वस्त्र कसे नेसतो, हे प्रश्न त्यांना तितकेच महत्त्वाचे वाटत. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतील एका मान्यवर शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एवढ्या रोग्यांची एके ठिकाणी केलेली अशी शिस्तबद्ध पाहणी जगातील तज्ज्ञांच्या दृष्टीस आल्यावाचून राहिली नाही.

पान-तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध सर्वप्रथम त्यांनीच ओळखला असे म्हणणे मात्र यथार्थ होणार नाही. दक्षिण त्रावणकोरातील नेय्यूर येथे काम करणाऱ्या डॉ. ऑर यांनी १९३३ साली या संबंधाकडे लक्ष वेधले होते. काश्मीरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या भाजलेल्या कातडीवर होणारा कर्करोगही वैद्यांना ठाऊक होता. त्याच्याही फार पूर्वी, १७७५ साली, लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंगावरील काजळीचा आणि त्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध दाखविला होता. डॉ. खानोलकरांनी या सुट्या निरीक्षणांना एका सूत्रात गोवले. कर्करोग शरीराच्या कोणत्या जागी होईल हे पुष्कळदा माणसाच्या रिवाजावरून सांगता येते, हे ते सूत्र होय.

१९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हिंदुस्थानातील कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले होते. उत्तरेकडे, विशेषतः बिहारच्या बाजूस, चुना मिसळून मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवतात. तेथील लोकांत त्याच जागी रोग दिसला. आंध्रच्या विशाखापट्टणम किनाऱ्याकडे चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे, आणि स्त्रियांतही ती पुष्कळ आहे. त्या लोकांत रोगाने टाळू गाठला होता. तिसरा प्रकार ऐकून तर वाचकांस नवल वाटेल. वर्षानुवर्षे कमरेला करकचून धोतर नेसणाऱ्या काही पुरुषांच्या कमरेच्या कातडीवर, धोतराचा काच जेथे बसतो नेमके तेथेच, कर्करोग झालेला त्यांना आढळला. खैनी, चुट्टा आणि धोतर या तीन अगदी साध्या नित्याच्या वस्तू. त्यांतून रोगाचा पत्ता असा हाती लागला. कोणत्याही भारी यंत्रावाचून, नुसती नजर, नोंद आणि धीर यांच्या बळावर लागलेला हा शोध आहे.

या ठिकाणी ज्ञातीचा प्रश्न आपसूक पुढे येतो. मुंबई हे शहर म्हणजे अशा अभ्यासाची एक नैसर्गिक प्रयोगशाळाच होते. एकच हवा, एकच पाणी. पण हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती आणि त्यांच्यातील असंख्य पोटज्ञाती आपापले आहार, आचार व विवाहाचे नियम पाळून शेजारी शेजारी राहत. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक. सुंता करणाऱ्या मुसलमान पुरुषांत जननेंद्रियाचा कर्करोग जवळजवळ नाहीच. विडा चघळणाऱ्यांत तोंडाचा रोग जास्त, असे भेद या शहराच्या रुग्णालयांत दिसून येत. असे भेद पाहिले, की रोग रक्तातूनच येतो, अमक्या जातीला तो शापच आहे, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. त्या काळी वंशभेदावर भर देणाऱ्या विद्वानांची जगात वाण नव्हती. डॉ. खानोलकरांनी तो मोह आवरला.

तथापि त्यांनी रक्ताचा विचार टाळला असेही नाही. डॉ. संघवी यांच्यासमवेत मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची त्यांनी पाहणी केली. त्यात रक्तगटादी सात आनुवंशिक लक्षणे तपासली आणि १९४९ साली ती आकडेवारी विलायतेतील आनुवंशशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पिढ्यान् पिढ्या आपापल्यातच विवाह करणाऱ्या गटांत ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात असतात, हे तिच्यातून दिसून आले. भारतातील लोकसमूहांच्या आनुवंशिकीचा पुढे जो विस्तीर्ण अभ्यास झाला, त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांत या निबंधाची गणना होते. म्हणजे रक्तात भेद किती, हेही त्यांनी मोजले आणि आचारांत भेद किती, हेही मोजले. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा माग मात्र त्यांना आचाराच्या वाटेवर सापडला. रक्त बदलणे कोणाच्या हाती नाही. आचार बदलणे मात्र आपल्या हाती आहे. त्यामुळे हा निष्कर्ष जितका शास्त्रीय होता तितकाच आशादायकही होता.

या विचाराची कसोटी १९५५ साली लागली. डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनी अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग आणि तंबाखू या विषयावर विलायतेच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. याच नियतकालिकात पाच वर्षांपूर्वी डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. परळच्या संशोधकांनी कर्करोगाचे रोगी व तो रोग नसलेली माणसे यांच्या सवयींची तुलना केली. तंबाखू चघळणाऱ्यांना गाल व तोंडाच्या पोकळीत, तर विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी व घशाच्या खोल भागात रोग अधिक होतो, असे दिसून आले. तंबाखू एकच, परंतु ती ज्या वाटेने शरीरात शिरते त्या वाटेवर ती आपला घाव घालते. त्याच सुमारास, १९५३ साली, मुंबईचे डॉ. जोशी यांनी तोंडाच्या आतील अस्तराखालचा थर ताठर होऊन तोंड उघडेनासे करणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. सुपारी हे त्याचे मुख्य कारण म्हणून आज सर्वमान्य आहे.

या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रुग्णालयात येणारे रोगी म्हणजे संपूर्ण समाज नव्हे. कोण येतो, कोण घरीच मरतो, हे पैसा, अंतर आणि समज यांवर अवलंबून असते. तेव्हा हजार रोग्यांवरून लक्षावधी निरोगी लोकांविषयी बोलताना संशोधकाने जपून बोलावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी शहरातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद हवी होती. भारतीय कर्करोग संस्थेने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत अशी नोंदवही सुरू केली. देशातील ही पहिलीच लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही होय.

कर्करोगाइतकाच दुसरा एक रोग डॉ. खानोलकरांच्या चिंतनाचा विषय होता. तो म्हणजे कुष्ठरोग. या रोग्याला गावाबाहेर घालविण्याची क्रूर रूढी आपल्याकडे शतकानुशतके चालत आली. रोग अंगावर दिसू लागला की मग घृणा सुरू होते. पण तो दिसू लागण्यापूर्वी शरीरात काय घडत असते? डॉ. खानोलकरांनी कुष्ठाच्या अगदी आरंभीच्या डागांतील त्वचेचे काप तपासून १९५१ साली त्यावर विस्तृत ग्रंथरूप अहवाल सिद्ध केला. कातडीतील सूक्ष्म मज्जातंतूंत हे जंतू फार लवकर आश्रय घेतात, हे त्यांच्या निरीक्षणांनी ठळकपणे पुढे आणले. बधिरपणा हे या रोगाचे पहिले लक्षण का असते, याचा उलगडा त्यातून होतो. पुढे १९५८ साली डॉ. बापट व डॉ. कमल रणदिवे यांच्यासह त्यांनी कुष्ठरोग्यापासून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. हा जंतू साक्षात कुष्ठाचा नव्हे, तर त्याचा दूरचा भाऊबंद आहे, असे नंतर निष्पन्न झाले. तथापि त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरील एक लस पुढच्या संशोधकांनी तयार केली. संशोधनात चूक आणि लाभ कित्येकदा असे हातात हात घालून चालतात.

संस्था उभारणे आणि माणसे घडविणे हा त्यांच्या कार्याचा तिसरा पैलू होय. १९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि त्याचे पहिले संचालक डॉ. खानोलकर झाले. पुण्याहून आलेल्या कमल रणदिवे या तरुणीने त्यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्याच उत्तेजनाने ती अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेली, आणि शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याचे शास्त्र आत्मसात करून परतली. परळच्या केंद्रात तिने या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९६६ ते १९७० या काळात डॉ. रणदिवे यांनी त्याच केंद्राचे संचालकपद भूषविले. विवाहित स्त्रीने पीएच.डी. करून समुद्रापार जावे ही गोष्ट त्या काळी मध्यमवर्गीय घरांत सहज पचणारी नव्हती. अशा वेळी गुरूने शिष्येच्या पाठीवर ठेवलेल्या हाताचे मोल केवढे, हे वेगळे सांगावयास नको.

विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. अणुशक्तीचे युग अवतरल्यावर किरणोत्सर्गाचा मानवी देहावर काय परिणाम होतो, हा प्रश्न जगापुढे आला. संयुक्त राष्ट्रसंघाने त्यासाठी १९५५ साली स्थापन केलेल्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि आपल्या अणुशक्ती आयोगाच्या वैद्यकीय सल्लागार समितीची धुराही वाहिली. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम असल्याने तेथील लोक पिढ्यान् पिढ्या नैसर्गिक किरणोत्सर्गात राहत आले आहेत. त्यांच्या प्रकृतीची पाहणी व्हावी, या विचाराला त्यांनी चालना दिली. तेथे नंतर झालेल्या दीर्घ पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. परळचे रुग्णालय व संशोधन केंद्र १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले आणि १९६६ साली दोहोंचे मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले.

महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्या १९६० साली डॉ. खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, व १९६३ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. त्यानंतर भारत सरकारने त्यांना वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन-प्राध्यापक नेमले. या पदावर ते सुमारे दहा वर्षे होते. पद्मभूषण हा किताबही त्यांना मिळाला. वयाच्या सत्तरीच्या आसपास सामान्य माणूस निवृत्तीचा हिशेब करतो. या आचार्यांच्या मागे मात्र त्याही वयात संशोधनाचे पद होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या पश्चात परळचे रूप पार पालटले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मात्र देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रोगी व त्यांचे नातलग आजही वळकटी उशाशी घेऊन बसलेले दिसतात. संशोधन केंद्राचा पसारा वाढून तो खाडीपलीकडे खारघर येथे गेला, आणि तेथील एका वास्तूला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. ज्याचे मुख रोग्यांनी कधी पाहिले नाही, त्याचे नाव निदान एका वास्तूवर तरी वाचावयास मिळते, ही समाधानाची गोष्ट होय.

पण नावाने स्मारक होते. कार्याचे स्मारक अन्यत्र शोधावे लागते, आणि तेथे आपणां सर्वांस थोडे खाली मान घालून बोलावे लागेल. डॉ. खानोलकरांच्या त्या हजार रोग्यांच्या निबंधाला आता आठ दशके लोटली. तंबाखूतील कर्करोगजनक द्रव्ये पुढच्या संशोधकांनी एकेक करून ओळखली. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन शाखेने २००४ साली दिला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीतही, काही प्रकारच्या काविळीचे विषाणू व मद्य ही टाळता येणारी कारणे सापडली, आणि त्यांपैकी एका विषाणूवर लस निघाली. ज्ञान इतके वाढले. आणि तरीही भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आजही अग्रस्थानी आहे. पाटीभर कचऱ्यात पुड्यांची रिकामी पाकिटे दिसली नाहीत, असा रस्ता गिरगावापासून दादरपर्यंत शोधूनही सापडावयाचा नाही.

शास्त्रज्ञाने कारण दाखवून दिले, शासनाने कायदा केला. उरलेला भाग समाजाचा आहे. रिवाज हे व्यक्तीचे नसतात, ते समूहाचे असतात. खैनी बिहारच्या माणसाला कोणी वैद्याने शिकविली नाही आणि चुट्टा आंध्रच्या बाईला सरकारने दिला नाही. बापाच्या चंचीतून लेकाने, सासूच्या पानदानातून सुनेने, मिस्त्रीच्या हातून नव्या कामगाराने ती सवय उचलली. जे जातीने, घराने आणि संगतीने शिकविले, ते जातीने, घराने आणि संगतीनेच सोडविले पाहिजे. ज्ञातिसंस्थांना असे काम करण्याचा अनुभव नाही असे नाही. हुंडा, लग्नातील उधळपट्टी, मुलींचे शिक्षण या बाबतींत अशा संस्थांनी ठराव केले, कार्यकर्ते घरोघर फिरले, आणि कालांतराने चाली बदलल्या.

म्हणून या चरित्राच्या शेवटी एक लहानशी सूचना करण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. आपल्या वार्षिक संमेलनात, लग्नकार्यात आणि सभा संपल्यावर पानसुपारीचे तबक फिरविण्याची चाल आहे. ती आदरातिथ्याची खूण म्हणून आपण जपली. त्या तबकात तंबाखू व सुपारी यांऐवजी बडीशेप, खडीसाखर, लवंग ठेवली तर पाहुण्याचा मान तिळमात्र कमी होणार नाही. ज्यांच्या घरी मिसरीची डबी आहे त्यांनी ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारे क्षत दिसले, अथवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर लाजेने वा भयाने वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. कारण आरंभी ओळखलेला हा रोग बरा होण्याचा संभव पुष्कळ असतो.

अन्नमार्गाच्या उंबरठ्यावर बसलेल्या शत्रूला ओळखण्यात एका विद्वानाने आपले आयुष्य वेचले. त्याला पुढचे दार बंद करणे आता आपल्या घरांच्या हाती आहे. पुढील संमेलनाच्या दिवशी आपल्या सभागृहातील तबकाकडे पाहून, डॉ. खानोलकरांचे नाव आपण वाचले होते याची आठवण कोणास झाली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे वाटेल.